सातचं विमान

लश्कर, ग्वाल्हेर, १९ जानेवारी १९४७

भालचंद्र,

'प्रिय' हा शब्द या पत्रात शोधू नकोस. लिहायला बसल्यावर हात सवयीनं तिकडे गेला होता, मी तो कागद फाडला.

सोमवारी दिल्लीच्या कचेरीत मॅनेजरनं मला बोलावलं. कारण मला ठाऊकच होतं. लढाई संपली, फौजेची जुनी विमानं मोडीच्या भावात निघाली आणि ज्यानं त्यानं विमान कंपनी काढली. आकाशात विमानं झाली फार आणि उतारू तेवढेच राहिले. तेव्हा माणसं कमी होणार, लहान विमानांवर दोनाऐवजी एकच वैमानिक राहणार, हे आपण दोघं मेसमध्ये बसून कितीदा बोललो होतो! तू काय म्हणाला होतास ते आठवतं? "जया, राहिलो तर दोघं, गेलो तर दोघं."

मॅनेजरनं गोपनीय अहवाल माझ्यासमोर वाचला. इंग्रजीतलं ते वाक्य मला पाठ झालं आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात माझी दृष्टी भरवशाची नाही, उतरताना जमीन किती खाली आहे याचा मला अंदाज येत नाही. खाली तुझी सही, शेपटी काढलेली.

संध्याकाळी दिसत कुणाला नाही रे, भालचंद्र? मला? लढाईत आसामात तीन वर्षं तू विमानाच्या डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीवर आणि मी उजव्या. दिवस कलला की तुझे हात थंड पडायचे आणि तू विचारायचास, "जया, किती?" मी फूट सांगायचो. शंभर, पन्नास, वीस, ओढ. नाव तुझं लागायचं, कारण तू माझ्याआधी सहा आठवडे भरती झाला होतास. मी कधी चकार शब्द काढला नाही.

आणि आमच्या आईसाहेब! तुला रातांधळेपणा आहे हे घरात फक्त त्यांना ठाऊक. बकऱ्याच्या कलेजीनं हे दुखणं हटतं म्हणून प्रत्येक रजेत त्या स्वतः चुलीपुढे बसून तुला कलेजी भाजून द्यायच्या. तू उपाध्यांचा मुलगा, जानवं कानाला लावून परसातल्या दाराजवळ बसायचास आणि डोळे मिटून खायचास. गल्लीत कुणी पाहू नये म्हणून मी दारात उभा. त्या ताटातलं खाऊन तू माझ्या पोटावर पाय दिलास.

मी मॅनेजरला सांगितलं, हे दुखणं माझं नाही, लिहिणाऱ्याचं आहे. तो हसला. कमी केलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो, म्हणाला. कंपनीच्या डॉक्टरनं डोळे तपासले ते भर दुपारी, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून. तुझी माझी दोघांची नजर उत्तम निघाली, पण कागदावरचं वाक्य तसंच राहिलं.

कंपनी दयाळू आहे. मला जमिनीवरचं काम शिकवणार आहेत. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू होतो.

मी हे तुला पचू देणार नाही. एवढंच कळवायचं होतं.

जयसिंह


दिल्ली, २ मार्च १९४७

भालचंद्र,

तुझं सहा पानी पत्र मिळालं. त्यातली पाच पानं तुझ्या घरच्या अडचणींची आहेत. नानांची उपाध्येगिरी नावापुरती उरली, पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या, आणि "तुमची निदान गावाकडे जमीन आहे, शिलेदारीचं नाव आहे, तुझं निभेल." म्हणजे तू माझा हिशेब माझ्याआधी करून टाकलास. पुढे लिहितोस, "काहीतरी कारण लिहायचंच होतं, मला दुसरं सुचलं नाही." खोटं लिहायला बसलास आणि स्वतःचंच दुखणं सुचलं! दुसरं काही लिहिलं असतंस, मी रागीट आहे, उद्धट आहे, तर लोकांनी मान्यही केलं असतं आणि मीही केलं असतं.

इथला वर्ग बघायला ये कधीतरी. अकरा वैमानिक लाकडी बाकांवर बसलेले. त्यातल्या एकाला लढाईत शौर्याचं पदक मिळालं आहे. शिकवायला तारखात्यातले एक म्हातारे बाबू. टिक-टिक करत संदेश पाठवायचा, वाऱ्याची दिशा आणि वेग लिहायचा, विमान येताना यंत्रावर त्याला ते सांगायचं. बाबू भले आहेत. पहिल्या दिवशी म्हणाले, "आप लोग ऊपर से बोलते थे, अब नीचे से बोलिए, फ़रक़ क्या है!" आम्ही कुणी हसलो नाही, तर बिचारे खजील झाले.

तुझं विमान रोज सकाळी साडेनऊला आमच्या छपरावरून जातं. आवाजावरून कळतं की डावं इंजिन किंचित मागे आहे. ते तू कधी धड जुळवलं नाहीस.

परीक्षेत मी पहिला येणार. पहिल्या येणाऱ्याला ठाणं निवडता येतं. मी कुठलं ठाणं मागणार ते तू ओळखलं असशील.

जयसिंह


लश्कर, २७ एप्रिल १९४७

भालचंद्र,

पंधरा दिवस झाले, मी ग्वाल्हेरच्या विमानतळावर आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तू भर दुपारी उतरतोस, शिडीवरून खाली येतोस आणि माझ्या गाडीकडे पाठ करून चालू लागतोस. ही गाडी म्हणजे धावपट्टीच्या तोंडाशी उभी केलेली, काळ्यापांढऱ्या चौकड्या रंगवलेली जुनी फौजी मोटार. आत बिनतारी यंत्र, एक खुर्ची, एक सुरई. दार उघडं ठेवलं की येणारं विमान सरळ अंगावर येताना दिसतं. वाऱ्याचा वेग मी तुला सांगतो आणि तू इंग्रजीत आभार मानतोस. आवाज कसा गुळगुळीत काढतोस रे!

विमानतळाचे अधिकारी मल्हारराव आमच्याच जातगोतातले, सज्जन गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी कंदील जास्तीचा देऊ केला. "आपल्याला संध्याकाळी त्रास होतो, असं ऐकलं." तू लिहिलेलं ते वाक्य माझ्याआधी इथं पोचलं आहे. परवा दाल बाज़ारात तूर घ्यायला गेलो, दिवेलागण झाली होती. दुकानदार गल्ल्यावरून उठून आला आणि त्यानं माझा हात धरला. "राव साहब, आगे नाली है, सँभल के." मी हात झटकला. चार माणसं हळहळली.

काल मात्र मी ठरवूनच निघालो. म्हटलं, तुझ्या नानांना सगळं सांगायचं. तुझे डोळे, तुझी सही आणि आमच्या परसातलं ताट, काही ठेवायचं नाही. तुमच्या कंपू मोहल्ल्यापर्यंत चालत गेलो तेव्हा एकेक वाक्य घोटून तयार केलं होतं.

नाना ओसरीवर होते. मला पाहून उठायला लागले. "ये, ये जयसिंह, बैस. तबियत कशी? भालूनं लिहिलं तुझ्या डोळ्यांचं. फार वाईट झालं रे. तो तर म्हणतो, माझी उजवी बाजूच गेली." मग आत हाक मारली, "अगं, ती पुडी आण." तुझ्या आईनं त्रिफळ्याची पुडी आणून माझ्या हातावर ठेवली. रात्री भिजत घालायचं, पहाटे त्या पाण्यानं डोळे धुवायचे. "फिकीर करू नकोस," नाना म्हणाले, "चातुर्मासात तुझ्या नावानं सूर्याला अर्घ्य देईन मी." आणि खरोखरच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी पुडी घेऊन परत आलो. एक शब्द बोललो नाही. तू सुटलास असं समजू नकोस. म्हाताऱ्याला मारून तुला लागणार नाही, एवढं मला ओसरीवर कळलं.

जयसिंह


लश्कर, २१ मे १९४७

भालचंद्र,

वेळापत्रक बदललं, म्हणे! दुपारच्या झळांत विमान उसळतं, उतारूंना ओकाऱ्या होतात, म्हणून आता दिल्लीहून पावणेसहाला निघून ग्वाल्हेरला सातला पोचायचं आणि इथं मुक्काम करायचा. उतारू खूश आहेत. कंपनीला कुणाची सूचना आवडली कोण जाणे.

सात म्हणजे सूर्य बुडालेला. टेकडीमागे थोडा उजेड असतो. माझ्यासारख्याला तो पुष्कळ झाला.

कालपर्यंत तुझी चार संध्याकाळची विमानं आली. पहिलं पावणेसातला आलं, दुसरं सहा चाळीसला. काल तर मल्हारराव घड्याळ झटकून बघत होते. इंजिनं किती पिळतोस? उजेडाशी शर्यत लावून तू आठ उतारूंना घेऊन धावतो आहेस, आणि ते बिचारे म्हणतात की कॅप्टनसाहेब वक्तशीर आहेत. समोरून वारा लागला, एखादा शेटजी उशिरा आला, दिल्लीला पेट्रोल भरायला दहा मिनिटं जास्त लागली, मग काय करशील? उजवी खुर्ची रिकामी आहे.

एक वाट आहे आणि ती सोपी आहे. मॅनेजरकडे जा आणि सांग, ते वाक्य माझं आहे. एक वाक्य लिहिलंस, एक बोल. मी वाट बघतो आहे. बोलला नाहीस तर एक दिवस हा उजेडच तुझ्याबद्दल बोलेल आणि त्या वेळी मी यंत्रापाशी बसलेला असेन.

आईसाहेब विचारत होत्या, भालू हल्ली घरी का येत नाही. मी म्हटलं, तो आता मोठा माणूस झाला.

जयसिंह


लश्कर, ८ जून १९४७

भालचंद्र,

शुक्रवारची हकीकत मी लिहून ठेवतो, कारण तू ती निराळी सांगशील.

साडेसहाला पश्चिमेकडे आंधी उठली. मातकट भिंत गढीच्या वर चढलेली दिसली तसा मी दिल्लीला संदेश पाठवला की विमान सोडू नका. उत्तर आलं, पाऊण तासापूर्वीच सुटलं. सात वाजता गाडीची दारं आतून धरून बसावं लागलं. तुला मी आग्र्याला परत फिरायला सांगितलं, तू कळवलंस की आग्रा त्याआधीच झाकलं गेलं आहे. वर पेट्रोल पाऊण तासाचं. सव्वासातला वारा पडला. धूळ तशीच लटकलेली आणि अंधार पडलेला. मल्हारराव माणसं घेऊन धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना रॉकेलचे टेंभे लावायला धावले. टेंभे मला स्वच्छ दिसत होते. कुठल्याही वैमानिकाला दिसले असते.

तू आलास, फार उंचावरून गेलास आणि पुन्हा वळलास. दुसऱ्या खेपेला धावपट्टी सोडून बाभळींवरून गेलास. यंत्रात खरखर होती, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांना मला काही सांगता आलं नाही.

मल्हारराव धापा टाकत गाडीत आले. "हे काय चाललंय? याला टेंभे दिसत नाहीत का?" आणि तेवढ्यात यंत्रातून तुझा आवाज आला. तो इंग्रजी गुळगुळीत आवाज नव्हता.

"जया, किती?"

यंत्रावर इंग्रजीतच बोलायचं, असा नियम आहे. मी दारात उभा राहिलो, तुझ्या दिव्यांवर नजर रोखली आणि म्हणालो, "दोनशे. डावीकडे ये. अजून. बस्स."

"आता?"

"शंभर. नाक असंच राहू दे."

"काही दिसत नाही रे, जया."

"मला दिसतंय. पन्नास. गॅस कमी कर. तीस. वीस. आता ओढ. ओढ!"

चाकं दोनदा आपटली आणि तू थांबलास. मल्हाररावांनी कपाळ पुसलं आणि ते माझ्याकडे वळले. "रतौंधी आहे याला?"

"लहानपणापासून," मी म्हणालो.

उतारू खाली उतरले आणि तुझ्या गळ्यात पडले. एका शेटजीनं तर पेढ्यांचा पुडा तुझ्या हातात कोंबला. तू तो तसाच धरून चाचपडत गाडीपाशी आलास. मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील, निदान शिवी देशील. आणि तुझं पहिलं वाक्य काय होतं? "जया, लिहू नकोस."

मी लिहिलं. मल्हाररावांसमोर बसून लिहिलं आणि तुला वाचून दाखवलं. तुझ्यासारखं पाठीमागून नाही. या गृहस्थांना संध्याकाळनंतर दिसत नाही, यांना अंधारात तपासा. मल्हाररावांनी खाली सही केली. अहवाल शनिवारच्या टपालानं गेला. तू समोर बसून दोन्ही हातांत डोकं धरलं होतंस, आणि मला गार वाटलं. खोटं कशाला बोलू, फार गार वाटलं.

जयसिंह


लश्कर, ३ ऑगस्ट १९४७

भालचंद्र,

कंपनीनं तुला जूनमध्येच अंधाऱ्या खोलीत तपासलं हे मला कळलं होतं. त्यानंतर तू त्याच बाकांवर बसलास, त्याच बाबूंपुढे. पास झालास, शेवटून दुसरा. कंपनी दयाळू आहे, तुला घराजवळचं ठाणं दिलं. उद्यापासून चौकड्यांच्या गाडीतली खुर्ची तुझी. वाऱ्याचं यंत्र आत आहे, दिव्याखाली वाचता येतं, बाहेर बघायची तशी गरज पडत नाही.

मलाही त्याच खोलीत तपासलं, ते वाक्य खोडलं आणि तुझी विमानातली डावी खुर्ची मला मिळाली. परवा, मंगळवारी, मी पहिल्यांदा ते विमान घेऊन येतो आहे. म्हणून आज हे पत्र आईसाहेबांच्या गड्याबरोबर हातोहात पाठवतो आहे, तुला वेळेवर मिळावं म्हणून.

दोन गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या. पहिली, वेळापत्रक. एप्रिलअखेर कंपनीनं सगळ्या ठाण्यांना विचारलं होतं की उन्हाळ्यात विमान केव्हा आणावं. सातची वेळ मी सुचवली. झळांचं कारण मीच लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं. तू घाबरून मॅनेजरकडे जाशील आणि खरं बोलशील, असं मला वाटलं होतं. मागून कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि ते खरंही आहे. पण तू गेला नाहीस हे कळल्यावरही मी ती वेळ बदलून घेतली नाही. मंगळवार आला की मी गाडीच्या दारात उभा राहून सूर्य कुठवर आला ते बघायचो.

दुसरी गोष्ट, खरखर. यंत्रात खरखर नव्हती. यंत्र उत्तम होतं. पहिल्या दोन फेऱ्या मी गप्प बसलो होतो. तुझा श्वास मला ऐकू येत होता. बाभळींवरून गेलास तेव्हा खिडकीतल्या उजेडात एका उतारूचा पांढरा फेटा दिसला, तरीही मी बोललो नाही. मल्हारराव आत आले नसते तर तिसऱ्या फेरीला बोललो असतो की नाही, हे मी रोज स्वतःला विचारतो. उत्तर अजून मिळालेलं नाही.

हे मल्हाररावांना ठाऊक नाही, कंपनीला ठाऊक नाही. मी अहवालात लिहिलं नाही. आता माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी तुझ्या हातात आहे. हे मॅनेजरला दाखवलंस तर माझी खुर्ची जाईल आणि या वेळी वर्गही मिळणार नाही. कुठल्याच कंपनीच्या विमानात मला कुणी चढू देणार नाही. दाखवायचं तर दाखव, मी नाकबूल होणार नाही.

हे मोठं मन वगैरे समजू नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. नानांच्या ओसरीवर मला परत जाता येत नाही आणि दाल बाज़ारात अजून लोक माझा हात धरतात. पण गेले दोन महिने तू रोज जेवलास, झोपलास, वर्गात टिक-टिक शिकलास आणि तुला वाटत राहिलं की जयसिंहनं सूड घेतला आणि तो मोकळा झाला. मी मोकळा झालेलो नाही. एखाद्याचा मनापासून राग यावा आणि त्याच्यासह आठ अनोळखी माणसांचा जीव आपल्या एका शब्दावर असावा, हे काय असतं ते मी त्या गाडीत बसून भोगलं आहे. माझा सूड तो अहवाल नव्हता रे. माझा सूड म्हणजे गाडीतली ही खुर्ची, आणि ती तुला मी आज देतो आहे. आता तुलाही सगळं ठाऊक आहे.

पावसाळी ढग आहेत, सातला अंधार असेल. वाऱ्याची दिशा विचारीन तेव्हा मी तू सांगशील तीच धरून उतरणार आहे. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही.

जयसिंह